मेंढ्यांच्या मागोमाग: फेंट ते फर्नाग्ट

बुधवार

इन्सब्रुकहून पश्चिमेकडे निघालेली रेल्वे अर्ध्या-पाऊण तासात ओट्झटाल स्टेशनात थांबते. तिथून दक्षिणेला ओट्झटालची दरी सुरू होते, साठ किलोमीटरांहून लांब. ही दरी सरळ चढत नाही. आधी रुंद हिरवं खोरं लागतं, त्यात एखादं गाव आणि चर्चचा सुळका. मग अचानक दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात, नदी घळीतून फेसाळत खाली येते, बस वळणं घेत चढते आणि वर पुन्हा नवं खोरं उघडतं. ही पायऱ्यापायऱ्यांची रचना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी भाची. ती म्युनिकला शिकते, मी फलटणहून सुट्टी काढून तिच्याकडे आले होते. आल्प्स म्हटलं की आपल्याकडच्या सहलींत टिटलिस आणि युंगफ्राउ ठरलेले. तिनेही तसंच काहीतरी सुचवलं होतं. मी म्हटलं, मला मेंढ्या बघायच्यात.

"मावशी, फलटणला मेंढ्या कमी आहेत का गं?"

कमी नाहीत, म्हणून तर. माण, खटाव, फलटणकडचे धनगर दिवाळी झाली की वाडे घेऊन घाट उतरतात, कोकणात भात कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परत देशावर येतात. हे बघतच मोठी झाले. आल्प्समध्येही अशी ये-जा आहे, फक्त तिथल्या मेंढ्या तीन हजार मीटरची खिंड चढून एका देशातून दुसऱ्या देशात जातात, हे कळल्यापासून ते डोक्यातून जात नव्हतं. जूनच्या मध्याला इटलीच्या श्नाल्स खोऱ्यातून ऑस्ट्रियातल्या फेंट गावावरच्या कुरणांत जायचं, सप्टेंबरच्या मध्याला परत यायचं. आम्ही परतीचा मुहूर्त धरला होता.

झोल्डनला बस बदलली. झोल्डन म्हणजे हॉटेलं, केबल कार आणि स्कीच्या दुकानांची रांग. दर ऑक्टोबरात स्कीच्या विश्वचषकाचा हंगाम इथल्याच हिमनदीवर सुरू होतो. गावाबाहेर पडलं की थोड्याच वेळात त्स्विझलश्टाइनला दरीला फाटा फुटतो. डावीकडे गुर्गल, उजवीकडे फेंट. उजवीकडचा रस्ता अरुंद, मध्येमध्ये हिमकडे कोसळतात म्हणून वरून झाकलेला. बसमध्ये आमच्याखेरीज पाठीवर सॅक असलेलं एक वयस्क जोडपं आणि किराण्याच्या पिशव्या घेतलेली एक बाई. शेवटच्या थांब्यावर सगळेच उतरले. पुढे रस्ताच नाही.

फेंटची उंची १,८९५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे बसमधून उतरलो तेव्हाच महाराष्ट्राच्या माथ्याच्या अडीचशे मीटर वर होतो. गावात दीडशेच्या आतबाहेर माणसं, सेंट जेकबचं चर्च, काही पेन्शन, म्हणजे घरगुती लॉज, आणि हॉटेलं, अग्निशमन दलाची शेड आणि एक खुर्चीवाली लिफ्ट. ऑस्ट्रियाच्या अल्पाइन क्लबने २००८ साली काही निवडक गावांना 'गिर्यारोहकांचं गाव' अशी ओळख दिली, त्यातलं हे एक. मोठे स्की प्रकल्प नकोत, जे आहे ते राहू द्या, असा त्यामागचा विचार. झोल्डनच्या एवढं जवळ राहून असं वागायला जिद्द लागते. मला तरी रस्त्यावरच्या पाटीपेक्षा संध्याकाळी सातला आलेल्या शांततेने ते पटलं. नदीचा आवाज सोडला तर काही नाही.

आमच्या पेन्शनच्या आजी आम्हाला बघून जराशा गोंधळल्या. भारतीय पाहुणे त्यांच्याकडे फारसे येत नसावेत. भाचीने मेंढ्यांसाठी आल्याचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, बर्फ पडला नाही तर रविवारी.

गुरुवार

पाय मोकळे करायचा दिवस. लिफ्टने श्टाब्लाइनपर्यंत, म्हणजे २,३५६ मीटरपर्यंत गेलो आणि तिथून ब्रेस्लाउअर ह्युटेकडे चालत. ह्युटे म्हणजे डोंगरातली मुक्कामाची झोपडी. वाट ठळक, लाल-पांढऱ्या खुणांची. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथल्या वाटांचं पहिलं नवल हेच वाटतं: चुकायची सोयच नाही. पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात. मला ते आवडलं. डोंगरात अंतर विचारून काय करायचं?

वाटेवरची ब्लूबेरीची झुडपं सप्टेंबरात लालभडक होतात, उताराचे उतार पेटल्यासारखे दिसतात. मार्मॉट शिट्टी मारून बिळात पळत होते. अडीच हजारांच्या वर मला दम लागायला लागला. भाची पुढे जाऊन एका दगडावर बसून राही आणि मी पोहोचले की लगेच उठे. या पिढीला विश्रांतीचा हिशोब कळत नाही.

ही पहाड-झोपडी २,८४४ मीटरवर आहे, आणि झोपडी म्हणायचं ते नावापुरतं. चांगली दगडी, मजली इमारत आहे. १८८२ साली ब्रेस्लाउ शहराच्या अल्पाइन शाखेने ती बांधली. ते ब्रेस्लाउ आज पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्स्वाफ. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली जर्मन वस्ती उठली, शहराचं नाव बदललं. इकडे डोंगरावरच्या पाटीवर मात्र जुनं नाव तसंच राहिलंय. झोपडीच्या मागे विल्डश्पिट्झे, ३,७७० मीटरच्या आसपासचं, ऑस्ट्रियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. दोर, क्रॅम्पॉन घेतलेली मंडळी तिकडून उतरत होती. आम्ही ओट्याच्या उन्हात बसून चीज घातलेल्या पावाच्या गोळ्यांचं सूप प्यायलो आणि त्यांचे बूट बघत राहिलो.

उतरताना रोफेनची वाट धरली. रोफेन म्हणजे २,०१४ मीटरवरची मोजकी शेतघरं. ऑस्ट्रियात बारा महिने वस्ती असलेल्या शेतघरांत सर्वांत उंचावरची म्हणून त्यांची ओळख आहे. पंधराव्या शतकात टिरोलचा ड्यूक फ्रीडरिश, ज्याला लोक 'रिकाम्या खिशाचा' म्हणत, सम्राटाची मर्जी फिरल्यावर इथे लपून राहिला आणि पुढे त्याने रोफेनच्या शेतकऱ्यांना खास हक्क दिले, अशी आख्यायिका आहे. खरं-खोटं असो, लपायला जागा उत्तम. विल्डश्पिट्झेच्या दक्षिण शिखरावर १८६१ मध्ये पहिल्यांदा पोहोचलेला लेआंडर क्लोट्झ याच वस्तीतला.

रोफेनच्या मागे दरी जिथे आत वळते, तिथे फर्नाग्ट नावाची हिमनदी एका बाजूच्या खोऱ्यातून येते. आज ती वर कुठेतरी आक्रसून बसली आहे. पण १६०० ते १८४८ या काळात ती अनेकदा दणक्यात पुढे सरकली, मुख्य दरीत येऊन आडवी पडली आणि बर्फाचाच बांध तयार झाला. त्यामागे पाणी साठायचं आणि बांध फुटला की ओट्झटालची गावं वाहून जायची. त्या तळ्याचं १६०१ सालचं चित्र उपलब्ध आहे, हिमनदीच्या जगातल्या अगदी जुन्या चित्रांपैकी ते एक. चित्रकाराला सौंदर्य टिपायचं नव्हतं. बांध फुटायच्या आत राजाच्या दरबारी वस्तुस्थिती कळवायची होती. तलाठ्याच्या पंचनाम्याच्या जवळचं काम. याच दरीत आणखी आत असलेल्या हिंटरआइस हिमनदीचं बर्फ १९५२-५३ पासून दरवर्षी न चुकता मोजलं जातं. म्हणजे पूर्वी भीती होती बर्फ पुढे येण्याची, आता नोंद होते ती मागे जाण्याची.

रोफेनच्या झुलत्या पुलावर भाचीने उड्या मारून पाहिल्या. खाली खोल घळ. मी दोन्ही हातांनी दोर धरून, खाली न बघता पलीकडे गेले. पलीकडच्या पाइनच्या राईतून फेंटला परत. हे झीर्बे जातीचे पाइन अतिशय सावकाश वाढतात, आणि त्यांच्या बिया एक ठिपकेदार पक्षी हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवतो. ज्या त्याला परत सापडत नाहीत, त्यांची झाडं होतात.

शुक्रवार

सकाळपासून पाऊस. चर्चचं दार उघडं होतं, आत गेलो. १८६० मध्ये फ्रान्झ सेन नावाचा तरुण पाद्री या गावात नेमणुकीवर आला. गाव दरिद्री, हिवाळ्यात महिनोन्महिने तुटलेलं. डोंगर बघायला शहरातली माणसं येऊ लागली होती, त्यांना राहायला जागा नव्हती. सेनने आपलं पाद्रीघरच पाहुण्यांसाठी वाढवलं, गावातल्या पोरांना वाटाडे म्हणून तयार केलं, खिंडींकडे जाणाऱ्या वाटा बांधल्या आणि या सगळ्यापायी कर्जात बुडाला. १८६९ मध्ये म्युनिकला जर्मन अल्पाइन क्लब स्थापन झाला, त्यामागे जी माणसं होती त्यांत हा एक. आल्प्सभर आज जे झोपड्यांचं आणि खुणेच्या वाटांचं जाळं आहे, त्यात अशा क्लबांचा वाटा मोठा आहे. गावाला दोन पैसे मिळावेत एवढीच सुरुवातीची धडपड होती. आपल्याकडे गडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी करून देणाऱ्या घरांत मला तोच विचार दिसतो, फक्त त्यांच्या पाठीशी क्लब नसतो.

दुपारी पाऊस थांबला. सॅक भरल्या, पेन्शनचा हिशोब केला, कारण आता या गावात परतायचं नव्हतं. आजींनी भाचीच्या हातात सुक्या नासपतीचा केक कागदात बांधून दिला.

फेंटहून दक्षिणेला निडरटाल खोऱ्यात रुंद, गाडीवाटेसारखी वाट जाते. तासाभरात होलर श्टाइन लागला, एक प्रचंड शिळा, खाली माणसांना टेकता येईल एवढा आडोसा. उत्खननात इथे अश्मयुगीन शिकाऱ्यांच्या वास्तव्याच्या खुणा सापडल्या, सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या. आम्हीही टेकलो. पावसाची सर परत आली तेव्हा शिळेचा उपयोग आजही तोच आहे हे कळलं.

पुढे उतारांवर मेंढ्या दिसू लागल्या. पांढरे ठिपके, वर अगदी कातळाच्या पट्ट्यापर्यंत. मेंढपाळ आणि कुत्री त्यांना हळूहळू एकत्र करत होती. हे काम म्हणे कित्येक दिवस चालतं. उन्हाळाभर मेंढ्या मोकळ्या चरतात, पांगतात, कड्याच्या खोबणीत अडकून बसतात. काहींच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा, काहींच्या मानेवर निळा. प्रत्येक मालकाची खूण वेगळी.

मार्टिन बुश ह्युटे २,५०१ मीटरवर. अशा झोपड्यांचे नियम एकदा समजून घेतले की मामला सोपा असतो. बूट दारातल्या खोलीत काढायचे, घरातल्या चपला घालायच्या, झोपायला आपली चादरीची पिशवी न्यायची, रोख पैसे ठेवायचे, रात्री दहाला सामसूम. सामुदायिक खोलीत लाकडी फळीवर ओळीने गाद्या. माझ्या एका बाजूला भाची आणि दुसऱ्या बाजूला अनोळखी जर्मन गृहस्थ, ते पडल्या पडल्या घोरायला लागले. शाकाहारी भाचीला चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे जाडसर शेवया, मिळाले, वर तळलेला कांदा. बाहेरच्या खोलीत मेंढपाळांची दोन टेबलं भरली होती. जाडजूड निळे एप्रन, हॅट, काठ्या कोपऱ्यात उभ्या. त्यांची बोली भाचीच्याही पल्ल्याबाहेरची.

शनिवार

आभाळ धुऊन निघालं होतं. आज सिमिलाउन ह्युटेपर्यंत, दोन तासांची चढण. सुरुवातीला गवत, मग हिमनदीने कधीकाळी ढकलून ठेवलेला दगडगोट्यांचा लांबच लांब बांध, मग निव्वळ घसारा. निडरयोखची हिमनदी पूर्वी या खिंडीपर्यंत भरलेली असे, मेंढ्या बर्फावरूनच चालत. आता वाट बहुतेक कातळाच्या कडेने जाते, बर्फाचा तुकडा मध्येच लागतो. राखाडी, मातीने मळलेला, वरून पाणी वाहणारा. सिमिलाउन शिखर समोर ३,६०० मीटरवर पांढरंशुभ्र. त्याच्या पायाशी ही अवकळा.

खिंडीत, ३,०१९ मीटरवर, ह्युटे. दाराच्या बाहेर ऑस्ट्रिया संपतो. भाचीने एक पाय इकडे एक पाय तिकडे असा फोटो काढून घेतला. सॅक ठेवल्या, पाणी आणि जॅकेट घेतलं आणि पश्चिमेला टिझनयोख या खिंडीकडे निघालो. तासाभराहून जास्त लागतं. कातळ, धारेवरचे टप्पे, दोन ठिकाणी लोखंडी दोर. आदल्या दिवशीच्या पावसाचा इथे बर्फ झाला होता, उत्तरेच्या सावलीत चार बोटं. सह्याद्रीतल्या कातळटप्प्यांची सवय इथे कामी आली. भाची दोराला धरून सावकाश, मी दगडांना धरून. पहिल्यांदाच मी पुढे होते.

टिझनयोख ३,२१० मीटरवर आहे. चार मीटर उंचीचा दगडी स्तंभ, थोडा उतार, एक खोलगट जागा. १९ सप्टेंबर १९९१ रोजी न्युर्नबर्गहून आलेलं एरिका आणि हेल्मुट झिमोन हे जोडपं फिनाइलश्पिट्झेहून उतरत होतं. वाट सोडून जवळून जावं म्हणून या खळग्याकडे वळलं आणि वितळत्या बर्फातून वर आलेलं एक मानवी शरीर त्यांना दिसलं. सगळ्यांना वाटलं, अपघातात गेलेला एखादा गिर्यारोहक. काढताना हवेच्या दाबाने चालणारं यंत्र वापरलं, त्यात त्याच्या कमरेला इजा झाली. इन्सब्रुकच्या पुराणवस्तुतज्ज्ञ कोनराड श्पिंडलर यांनी त्याच्याजवळची तांब्याची कुऱ्हाड पाहिली आणि सांगितलं, हा किमान चार हजार वर्षांपूर्वीचा. पुढे तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. ओट्झी हे त्याचं नाव या दरीवरूनच.

त्याच्याबद्दल जे कळलंय ते थक्क करणारं आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंची एक मीटर साठ, अंगावर ६१ गोंदणखुणा. कोटाला शेळ्या-मेंढ्यांचं कातडं, टोपी अस्वलाची, बुटांत गवत भरलेलं. धनुष्य अजून घडवायचं बाकी. पोटात रानबकऱ्याचं आणि हरणाचं मांस, गव्हाची एक जुनी जात. आणि डाव्या खांद्यात गारगोटीच्या बाणाचं टोक, जे सापडायला २००१ उजाडलं. म्हणजे पाठीमागून बाण मारला होता. सुरुवातीला काहींनी त्याला मेंढपाळ ठरवलं. तो मेंढपाळ होता का, यावर आता कुणी पैज लावत नाही. पण हा माणूस दक्षिणेकडून आला होता आणि ही खिंड त्याला परकी नव्हती, एवढं नक्की.

आता सीमेची गंमत. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहाने दक्षिण टिरोल इटलीला दिला आणि सीमा पाणलोटावरून, म्हणजे पाणी जिकडे वाहतं त्यानुसार, आखायची ठरवली. पण टिझनयोखला तेव्हा बर्फाचा थर एवढा होता की पाणी नक्की कुठून दुभंगतं ते दिसेना. मोजणीदारांनी सीमेचे दगड रोवले आणि मध्ये सरळ रेघ मारली. १९९१ मध्ये बर्फ वितळलेला. ओट्झीच्या खळग्यातलं पाणी उत्तरेला ओट्झटालकडे वाहतं, म्हणजे तहाच्या शब्दांप्रमाणे ती जागा ऑस्ट्रियाची. पण दगडांमधल्या रेघेप्रमाणे ती इटलीच्या हद्दीत ९२.५६ मीटर. रेघ जिंकली. ओट्झी बोल्झानोच्या संग्रहालयात गेला.

परत येऊन ह्युटेच्या खिडकीशी बसलो. खाली ऑस्ट्रियाच्या बाजूला खोऱ्यात मेंढ्यांचा एक पांढरा डाग तयार झाला होता. उद्या पहाटे हा डाग वर येणार.

रविवार

आठच्या आधीच घंटा ऐकू आल्या. बाहेर आलो तर वारा तोंड फोडत होता. घसाऱ्यातून मेंढ्यांची ओळ वर चढत होती, सुरुवातीला दोरीएवढी, मग रुंद. पुढे एक म्हातारा मेंढपाळ, खांद्याला मिठाची पिशवी. थोड्या थोड्या वेळाने हाक देई आणि पुढच्या मेंढ्या त्याच्यामागे झेपावत. पुढच्या चालल्या की मागच्या आपोआप येतात, हे तर आपल्याकडेही. बाजूंनी पोरं, बाया, कुत्री. एकाच्या सॅकमधून कोकराचं डोकं बाहेर आलेलं, उन्हाळ्यात वरच जन्मलेलं. बर्फाच्या तुकड्यावर ओळ अडली. पुढची मेंढी थांबली, मागच्या दाटल्या, ओरडा झाला, मग दोघांनी तिला शिंगाला धरून अक्षरशः ढकललं आणि बांध फुटल्यासारखा कळप खिंडीवर ओतला गेला. दोन्ही खिंडी मिळून, म्हणजे ही निडरयोख आणि पलीकडची होखयोख धरून, दरवर्षी तीन हजारांच्या आसपास मेंढ्या अशा पार होतात. आमच्यासमोरून गेल्या त्यांची मोजदाद कुणी करावी? लोकरीचा ओला वास नाकात बसला, अगदी फलटणच्या बाजाराचा. मला उगाच भरून आलं.

मेंढ्या इकडे का येतात, ते खिंडीत उभं राहिलं की कळतं. दक्षिणेची फिन्शगाउची दरी आल्प्समधल्या सर्वांत कोरड्या दऱ्यांपैकी, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आमच्या माण-खटावसारखाच. शेतीला पाटाने पाणी आणावं लागतं. उत्तरेला ढग अडतात, गवत चांगलं. चाऱ्याने माणसाला डोंगर ओलांडायला लावलं. आणि फेंटवाल्यांसाठीही जग दक्षिणेलाच होतं. सुरुवातीला म्हटलेल्या त्या घळी आठवा: खालच्या ओट्झटालमध्ये उतरायचं म्हणजे एकामागून एक कोंडलेल्या घळी, त्यापेक्षा तीन हजार मीटरची मोकळी खिंड बरी. त्यामुळे फेंटचं कोर्ट आणि चर्च एकोणिसाव्या शतकापर्यंत दक्षिणेच्या बाजूला जोडलेलं होतं. आपण नकाशावर डोंगररांग बघतो आणि तिला भिंत समजतो. मेंढीला ती रस्ता वाटते, कोकण आणि देश यांच्यामधल्या घाटवाटांसारखी.

पण धनगरांच्या आणि यांच्या चालण्यात एक मोठा फरक आहे आणि तो मला दिवसभर टोचत राहिला. श्नाल्सच्या शेतकऱ्यांकडे कागद आहे. फेंटवरच्या कुरणांच्या चराईबद्दलचा १४१५ सालचा लेखी करार आहे, आणि त्या कुरणांवरचा त्यांचा हक्क आजही शाबूत आहे, जमीन ऑस्ट्रियात असूनही. १९१९ मध्ये देश बदलला, मधल्या काळात सीमेवर बंदुका आल्या, चराई थांबली नाही. २०१९ मध्ये युनेस्कोने ऑस्ट्रिया, इटली आणि ग्रीसमधल्या या मोसमी स्थलांतराला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं, आणि ते योग्यच. पण मेंढ्या वारशासाठी नाही, हक्कासाठी चालतात. आमच्या धनगरांची वाटही शेकडो वर्षांची. तिचा कागद कुणाकडे आहे? खाचरात मेंढ्या बसवायच्या त्या शेतकऱ्याच्या मर्जीवर, जंगलातून जायचं ते वनखात्याच्या मर्जीवर.

खिंडीतून खाली श्नाल्समधल्या फर्नाग्ट गावापर्यंत (नाव त्या हिमनदीचंच, जागा वेगळी) तेराशे मीटरची उतरण. गुडघ्यांची परीक्षा. मेंढ्या आमच्या केव्हाच पुढे. वर कातळ आणि घसारा, मग पिवळं पडलेलं गवत, मग लार्चची झाडं, मग टिझनहोफ हे लाकडी शेतघर आणि समोर हिरवंनिळं धरण. गेल्या शतकाच्या मध्याला बांधलेल्या या धरणात इथली जुनी शेतघरं बुडाली. तळ्याकडे बघणाऱ्या एका म्हाताऱ्याने बोट करून कुठल्या जागी काय होतं ते भाचीला सांगितलं. कोयनेच्या माणसांनाही मी असंच बोट करताना पाहिलंय.

तळ्याकाठी मैदानात जत्रा. लाकडी कुंपणं घातलेली, आणि त्यांत मालकांनी आपापल्या खुणेची मेंढी पकडून ओढत आपल्या खणात न्यायची. गलका, शिव्या, हसू. लहान पोरं कोकरांवर तुटून पडली होती. पितळी वाद्यांचा बँड. मोठ्या कढईत मटण, नाव श्योप्सर्नेस, बटाट्यांबरोबर. मी घेतलं. भाची म्हणाली, "मावशी, तू सकाळी यांच्याकडे बघून रडत होतीस ना?" खरं सांगायचं तर मांस मुरलेलं होतं, चव गोडसर, आणि तिखटाचा मागमूस नाही. एक चमचा कांदा-लसूण मसाला पुरला असता. भाचीला पालक भरलेले श्लुट्झक्राप्फन मिळाले, वर वितळलेलं लोणी. तिचा पदार्थ माझ्याहून सरस होता, हे मी तिला सांगितलं नाही.

सोमवार

सकाळी बसथांब्यावर उभ्या होतो. मेरान, बोल्झानो आणि ब्रेनरमार्गे रेल्वेने म्युनिक असा बेत. ओट्झीचं संग्रहालय सोमवारी बंद असतं हे ठाऊक होतं, त्यामुळे तो विषय पुढच्या खेपेवर.

मागे रिकामा ट्रेलर जोडलेली एक जीप येऊन थांबली. कालच्या कुंपणातले एक शेतकरी, आम्हाला ओळखून म्हणाले, नातुर्न्सपर्यंत सोडतो, चला. श्नाल्सची दरी अरुंद, बोगद्यांतून उतरत जाते. खाली फिन्शगाउमध्ये सफरचंदांच्या बागा लाल झालेल्या, काढणी सुरू. भाचीने विचारलं, काल हिशोब जुळला का? जुळला नाही, ते म्हणाले. दोन मेंढ्या कमी भरल्या. रात्री फेंटहून फोन आला, रोफेनच्या गोठ्याजवळ उभ्या आहेत.

"मग आता?"

"मग आता मेरान, तिथून टिमेल्सयोखचा घाट, त्स्विझलश्टाइन आणि फेंट. जायला तीन तास, यायला तीन तास." त्यांनी मागच्या ट्रेलरकडे अंगठा केला. "चालत गेल्या असत्या तर कालच घरी आल्या असत्या, पण त्यांना कोण सांगणार?"